कर्करुग्णांची माऊली : मदर मेरी अल्फोन्सा

इंग्रजी साहित्याचा अभ्यास केलेल्या आमच्या वाचकांना नॅथॅनिएल हॉथॉर्न हे नाव अपरिचित नाही. १८५० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीने त्यांना अमेरिकेच्या अग्रगण्य साहित्यिकांच्या पंक्तीत नेऊन बसविले. मात्र या थोर लेखकाची धाकटी कन्या रोझ हिने न्यूयॉर्कच्या एका दरिद्री वस्तीत खोल्या भाड्याने घेतल्या आणि ज्यांना रुग्णालयाने परत पाठविले होते, घरच्यांनी दूर लोटले होते, अशा कर्करुग्णांच्या जखमा स्वतःच्या हातांनी धुतल्या, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ख्रिस्तसभा तिला मदर मेरी अल्फोन्सा या नावाने ओळखते. ९ जुलै १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. या घटनेला ९ जुलै २०२६ रोजी शंभर वर्षे होतात. त्या निमित्ताने त्यांचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

या चरित्राकडे वळण्याचे आणखी एक कारण आहे. कॅन्सर हा शब्द आजही आपल्या घरांतून दबक्या आवाजात उच्चारला जातो. रुग्णाला पाहायला येणारे पाहुणे उंबऱ्यापाशीच घुटमळतात. कुठे रुग्णाचे ताट-पेला वेगळा ठेवला जातो, कुठे त्याच्या अंथरुणाजवळ लेकरांना फिरकू दिले जात नाही. हे सारे दुष्टपणाने घडते असे नाही, भीतीपोटी घडते. परंतु ती भीती रुग्णाला रोगाइतकीच पोखरते. सव्वाशे वर्षांपूर्वी रोझ हॉथॉर्न यांनी झुंज दिली ती याच भीतीशी.

रोझ हिचा जन्म २० मे १८५१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लेनॉक्स येथे झाला. आई सोफिया चित्रकार होत्या. थोरली बहीण ऊना आणि भाऊ ज्युलियन यांच्यानंतरचे हे शेंडेफळ. हॉथॉर्न यांचे घराणे कडव्या प्युरिटन परंपरेतले. सेलम येथे १६९२ साली चेटकिणींवर जे कुप्रसिद्ध खटले चालले, त्यातील न्यायाधीशांपैकी एक जण नॅथॅनिएल यांचे खापरपणजोबा होते. पूर्वजांच्या त्या कठोरपणाची बोच नॅथॅनिएल यांना जन्मभर लागून राहिली होती आणि त्यांच्या लेखनात ती जागोजागी उमटली आहे.

रोझ दोन वर्षांची असताना, १८५३ साली, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी आपल्या या कॉलेजमित्राची इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे अमेरिकेचे वाणिज्यदूत म्हणून नेमणूक केली आणि सारे कुटुंब तिकडे गेले. तेथे घडलेला एक प्रसंग आम्हांला या चरित्राचे मूळ वाटतो, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. त्या वेळी रोझ आई आणि बहिणीसमवेत पोर्तुगालमध्ये होती, तेव्हा तिने तो डोळ्यांनी पाहिला नाही.

१८५६ च्या फेब्रुवारीत नॅथॅनिएल इतर काही मंडळींबरोबर लिव्हरपूलजवळील एक अनाथ-निराधार गृह पाहायला गेले. तेथील मुलांमध्ये एक अत्यंत रोगट मूल होते. चेहऱ्यावर फोड, डोळे आलेले. मुलगा की मुलगी हेही कळू नये अशी त्याची अवस्था. ते मूल नेमके नॅथॅनिएल यांच्याच मागे लागले. त्यांच्या पायांशी घोटाळू लागले आणि मला उचलून घ्या असे मुक्यानेच विनवू लागले. नॅथॅनिएल हे स्वभावाने भिडस्त. परक्याचा स्पर्श त्यांना सोसत नसे. त्यांच्या मनाला शिसारी आली. तरीही, या बालकाचा आपल्यावर काही हक्क आहे असे वाटून त्यांनी त्याला उचलून घेतले, थोडा वेळ कुरवाळले आणि मग खाली ठेवले. पुढे १८६३ साली पुस्तकात त्यांनी ही हकीकत लिहिली, तीही आपल्याबरोबरच्या कुणा दुसऱ्याच सद्गृहस्थाची म्हणून. तो सद्गृहस्थ स्वतः लेखकच होता, हे त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीने त्यांच्या टिपणवह्या छापल्या तेव्हा उघडकीस आले. वडिलांच्या साऱ्या लेखनात रोझ यांना हाच मजकूर सर्वश्रेष्ठ वाटे.

इंग्लंडनंतर कुटुंबाने १८५८-५९ चा काळ इटलीत काढला. रोम शहरात असताना व्हॅटिकनच्या बागेत धावता धावता लहानग्या रोझची पोप नववे पायस यांच्याशी अवचित गाठ पडली आणि त्यांनी तिच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला, असे चरित्रकार सांगतात. प्रॉटेस्टंट घरातल्या मुलीच्या मनावर त्या क्षणाचा किती ठसा उमटला असेल, याबद्दल आम्ही अंदाज बांधीत नाही. १८६० साली कुटुंब मायदेशी परतले आणि काँकॉर्ड गावी ‘द वेसाइड’ नावाच्या घरात राहू लागले. १९ मे १८६४ रोजी नॅथॅनिएल प्रवासात असतानाच वारले. दुसऱ्या दिवशी रोझचा तेरावा वाढदिवस होता.

येथून पुढची तीस वर्षे म्हणजे एकामागून एक झालेल्या ताटातुटींची कथा आहे. चार वर्षांनी आई मुलांना घेऊन जर्मनीत ड्रेस्डेन येथे राहावयास गेली. तेथेच रोझची जॉर्ज पार्सन्स लॅथ्रॉप या तरुण अमेरिकन लेखकाशी ओळख झाली. १८७१ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये आईचे निधन झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, रोझ यांनी जॉर्ज यांच्याशी लंडनमध्येच विवाह केला. १८७६ साली त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव फ्रान्सिस. दुसऱ्याच वर्षी ऊना वारली. आणि १८८१ च्या फेब्रुवारीत घटसर्पाने फ्रान्सिसला ओढून नेले. तो चार वर्षांचा होता. त्यानंतर त्यांना मूल झाले नाही.

जॉर्ज बुद्धिमान होते. ‘अटलांटिक मंथली’ या नामांकित मासिकाचे ते सहसंपादक होते आणि लेखकांच्या हक्कांसाठी त्यांनी मोठी खटपट केली. रोझही कविता व कथा लिहीत. १८८८ साली त्यांचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. परंतु पुत्रवियोगानंतर घराची घडी पुन्हा नीट बसली नाही. जॉर्ज यांना दारूचे व्यसन जडले होते. १८९१ च्या मार्च महिन्यात या दाम्पत्याने न्यूयॉर्क येथे पॉलिस्ट धर्मगुरूंच्या हस्ते कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला, तेव्हा त्यांच्या साहित्यिक वर्तुळात मोठीच खळबळ उडाली. प्युरिटन न्यायाधीशाच्या वंशातली मुलगी कॅथलिक होते, ही गोष्ट अनेकांना पचली नाही. पती-पत्नींनी मिळून त्यानंतर धार्मिक विषयावर लेखन केले, कॅथलिक प्रौढांसाठी उन्हाळी अभ्यासवर्ग उभारण्यास हातभार लावला. व्यसन मात्र सुटले नाही.

संतचरित्रे लिहिणारे अशा ठिकाणी घाईने पुढे सरकतात. आम्हांला तसे करणे योग्य वाटत नाही, कारण दारूने पोखरलेली घरे आपल्या धर्मग्रामांतही आहेत आणि त्या घरांतील स्त्रियांना रोझ यांचे हे दुःख परके वाटणार नाही. १८९५ साली रोझ यांनी ख्रिस्तसभेची रीतसर परवानगी मिळवून पतीपासून कायमचे वेगळे राहण्याचा निर्णय घेतला. विवाहसंस्कार अबाधित होता, एकत्र राहणे अशक्य झाले होते. वय चव्वेचाळीस, आई-वडील, बहीण, मूल सारे गेलेले, संसार विस्कटलेला आणि हाती पैसा जेमतेम.

या सुमारास दोन स्त्रियांचे मृत्यू त्यांच्या मनात घर करून होते. एक होती त्यांची मैत्रीण, ज्यू कवयित्री एमा लॅझरस. न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावरील सुप्रसिद्ध कविता तिचीच. १८८७ साली कर्करोगाने ती वारली, तेव्हा तिच्याभोवती उत्तम डॉक्टर, शुश्रूषा आणि मायेची माणसे होती. दुसरी होती एक शिवणकाम करणारी गरीब तरुणी. तिची हकीकत रोझ यांना एका धर्मगुरूंकडून कळली. तिला कर्करोग झाला, तो बरा होण्याजोगा नाही असे ठरले, साठवलेले पैसे संपले आणि तिची रवानगी ईस्ट नदीतील ब्लॅकवेल्स बेटावरच्या कंगालगृहात झाली. आज ते बेट रूझवेल्ट बेट म्हणून ओळखले जाते. तेथे निराधार, गुन्हेगार, वेडे आणि मरणासन्न असे सारेच शहराच्या नजरेआड ठेवले जात. रोझ तिच्यासाठी काही करू शकण्याआधीच ती वारली. रोग एकच, एकीला मऊ बिछाना, दुसरीला बेट. हा फरक रोझ यांना स्वस्थ बसू देईना.

त्या काळी कर्करोगाविषयी वैद्यकशास्त्राची मजल किती होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या अखेरीस लागला, रेडियमचा १८९८ साली. औषधाने कर्करोगावर उपचार करणे सुरू व्हायला १९४० चे दशक उजाडावे लागले. हाती होती ती केवळ शस्त्रक्रिया, आणि रोग पसरल्यावर तिचाही उपयोग नसे. भर म्हणून हा रोग स्पर्शाने लागतो असा समज सर्वत्र पसरलेला. तो केवळ अडाणी लोकांचा समज होता असेही नाही. १८८० च्या दशकात बांधलेल्या न्यूयॉर्क कॅन्सर हॉस्पिटलचे वॉर्ड मुद्दाम गोल आकाराचे केले होते, कारण कोपऱ्यांत घाण व जंतू साचतात अशी कल्पना होती. बरे होण्यासारखे नाहीत असे रुग्ण तेथून घरी पाठविले जात. श्रीमंताला घर असे. गरिबाचे कुटुंब मात्र एकाच खोलीत दाटीवाटीने राही. घरमालक, शेजारी, कधी सख्खे नातलगही अशा रुग्णाला आत घेईनात. मग उरे ते बेट.

१८९६ च्या उन्हाळ्यात पंचेचाळीस वर्षांच्या रोझ याच न्यूयॉर्क कॅन्सर हॉस्पिटलमध्ये परिचर्या शिकण्यासाठी दाखल झाल्या. सुमारे तीन महिन्यांचे हे शिक्षण. ज्या स्त्रीने तोपर्यंत लेखणी धरली होती, तिच्यासमोर पहिल्याच दिवसांत एक वृद्ध बाई आली. तिचा चेहरा कर्करोगाने खाल्ला होता. रोझ यांना भोवळ येईल असे वाटले. त्यांनी स्वतःला कसेबसे सावरले आणि जखम बांधली. वडिलांची शिसारी मुलीच्याही रक्तात होती. संतपणाकडे निघालेल्या माणसाला किळस वाटतच नाही, ही समजूत रोझ यांच्या चरित्रापुढे टिकत नाही. त्यांना किळस वाटली, पुष्कळदा वाटली. ती रुग्णाला दिसता कामा नये, एवढाच नेम त्यांनी केला आणि तो पुढे सहकाऱ्यांनाही घालून दिला. तीच वृद्धा पुढे असाध्य म्हणून रुग्णालयातून बाहेर पडली, तेव्हा रोझ तिला आपल्या खोलीत घेऊन आल्या.

ही खोली होती मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातील स्कॅमेल स्ट्रीटवर. शिक्षण संपताच त्यांनी त्या दाट, गरीब वस्तीत लहानशी जागा भाड्याने घेतली. आजूबाजूला बोटींतून नुकतेच उतरलेले ज्यू, आयरिश, जर्मन निर्वासित. रोझ यांनी स्वतः जमीन घासली, भिंती रंगविल्या आणि रुग्णांसाठी दार उघडले. काही जणी औषधपट्टी करून घ्यायला येत, ज्यांना चालवत नसे त्यांच्याकडे रोझ स्वतः जात. शेजारपाजारची मुले कापलेली-भाजलेली बोटे घेऊन येत. त्यांनाही परत पाठविले जात नसे. काही महिन्यांनी वॉटर स्ट्रीटवर थोडी मोठी जागा मिळाली. पैशांसाठी त्या वर्तमानपत्रांतून पत्रे लिहीत. पट्ट्यांसाठी जुने सुती कापड मागत. वडिलांच्या आठवणींचे पुस्तक त्यांनी १८९७ साली प्रसिद्ध केले. हॉथॉर्न या नावाला अमेरिकेत मान होता आणि तो मान गरिबांसाठी खर्च करण्यात त्यांना मुळीच संकोच वाटला नाही.

मदतीला येणाऱ्या बायका एक-दोन दिवसांत पळ काढीत. डिसेंबर १८९७ मध्ये केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील ॲलिस ह्यूबर नावाची तरुण चित्रकर्ती दारात उभी राहिली. माणसांची चित्रे रंगविणारी, सौंदर्याची उपासक. अंधाऱ्या जिन्याने वर येताना तिला जो वास आला त्यानेच तिचे पाऊल अडखळले. तिने आठवड्यातून एक दुपार येण्याचे कबूल केले, त्यातही मनातून परतीचीच वाट शोधत होती. ती आली, पुन्हा आली आणि १८९८ च्या वसंतात कायमची राहायला आली. रोझ बोलक्या, उतावीळ, कल्पनांनी भारलेल्या. ॲलिस शांत, हिशेबी, नेटकी. या दोघींच्या स्वभावांचा मेळ बसला म्हणूनच हे काम टिकले असे आमचे मत आहे. एकट्या रोझ यांच्या उत्साहावर ते फार दूर गेले नसते.

त्याच एप्रिलमध्ये जॉर्ज लॅथ्रॉप यांचे निधन झाले. आता रोझ यांना संन्यस्त जीवनाचा मार्ग मोकळा झाला. डॉमिनिकन धर्मगुरू फादर क्लेमेंट थुएन्टे यांनी त्यांच्या कामाची पाहणी केली आणि त्यांना संत डॉमिनिक यांच्या तृतीय संघात येण्याचा सल्ला दिला. १८९९ च्या मे महिन्यात चेरी स्ट्रीटवर स्वतःचे घर विकत घेतले गेले. लिमाच्या संत रोझ यांच्यावरून त्याला सेंट रोझेस होम असे नाव दिले. सप्टेंबरमध्ये दोघी तृतीय संघाच्या सदस्य झाल्या आणि ८ डिसेंबर १९०० रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, महागुरुस्वामी कोरिगन यांच्या संमतीने त्यांनी डॉमिनिकन वेष धारण करून व्रते घेतली. रोझ झाल्या सिस्टर मेरी अल्फोन्सा, ॲलिस झाल्या सिस्टर मेरी रोझ. असाध्य कर्करुग्णांची सेवा हेच एकमेव कार्य असलेली धर्मभगिनींची नवी संस्था अशा रीतीने उदयास आली.

या संस्थेचे नियम साधे आणि काहीसे कडक होते. रुग्ण गरीब असला पाहिजे आणि त्याचा आजार बरा न होण्याजोगा असला पाहिजे. त्याच्याकडून वा त्याच्या नातलगांकडून एक पैसाही घ्यायचा नाही. यामागचे कारण भावनिक नव्हते, व्यवहारी होते. एकदा पैसे घेणे सुरू झाले की पैसेवाल्यांनी खाटा भरतील आणि ज्याच्यासाठी हे घर उभारले तोच दाराबाहेर राहील, हे मदर अल्फोन्सा यांनी ओळखले होते. सरकारी अनुदानही नको. देणगी येईल तशी येईल, देव पाहून घेईल. रुग्ण कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा हे विचारायचे नाही आणि धर्मांतरासाठी कुणाच्या मागे लागायचे नाही. रुग्णांवर प्रयोग करू द्यायचे नाहीत. शेवटचा नियम आज वाचताना किरकोळ वाटेल. परंतु दानधर्मावर जगणाऱ्या रुग्णाचे शरीर म्हणजे डॉक्टरांच्या हातची पाटी, असे मानले जाण्याचा तो काळ होता.

रुग्णांना त्या पाहुण्यांचा मान देत. स्वच्छ बिछाना, चांगले जेवण, रोजची पट्टी, वेदना कमी करणारे औषध आणि हात धरून बसणारे कुणीतरी, एवढेच त्यांच्याजवळ होते. बरे करण्याचा दावा त्यांनी कधी केला नाही. वैद्यकीय दृष्टीने पाहता हा पराभव होता, असे कुणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. जेथे उपचार थांबतात तेथे रुग्ण थांबत नाही. तो आणखी आठवडे, कधी महिने जगतो. ते दिवस कुणाच्या खात्यात धरायचे हा प्रश्न त्या काळी कुणी विचारीतच नव्हते.

१९०१ साली न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस वेस्टचेस्टर परगण्यातील शर्मन पार्क येथे फ्रेंच डॉमिनिकन धर्मगुरूंची एक जुनी, साठ खोल्यांची लाकडी इमारत त्यांना मिळाली. एके काळी ते हॉटेल होते. टेकडीवरच्या या घराला त्यांनी रोझरी हिल असे नाव दिले आणि गावाला पुढे हॉथॉर्न हेच नाव पडले. मदर अल्फोन्सा यांनी ‘ख्राइस्ट्स पुअर’ नावाचे मासिक काढले आणि त्यात देणाऱ्यांपुढे आपला हिशेब व आपली नड दोन्ही उघडी मांडली. सुप्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन हेही त्यांच्या कार्याचे आश्रयदाते होते. धर्मसंस्थांची यथेच्छ टर उडविणाऱ्या या माणसाने कॅथलिक धर्मभगिनींना पैसे द्यावेत, याची आम्हांला मोठी गंमत वाटते. १९१२ साली शहरातील जुन्या घराच्या जागी जॅक्सन स्ट्रीटवर सेंट रोझेस होमची नवी इमारत उभी राहिली.

दुःखाने मात्र त्यांचा पिच्छा मठातही सोडला नाही. भाऊ ज्युलियन यांनी खाणींच्या समभागांच्या व्यवहारात आपले घराण्याचे नाव वापरू दिले आणि १९१३ साली टपालाद्वारे फसवणूक केल्याच्या गुन्ह्याखाली त्यांना अटलांटाच्या तुरुंगात जावे लागले. बासष्टीला आलेल्या मदर अल्फोन्सा भावासाठी दयेची याचना घेऊन वॉशिंग्टनला गेल्या. ती मान्य झाली नाही. एकाच नावाच्या बळावर बहिणीने मरणाऱ्यांसाठी घर उभारले आणि भावाने तेच नाव बाजारात मांडले. तरीही ती त्याच्यासाठी सत्तेच्या दारात उभी राहिली.

त्यांच्या रुग्णांपैकी कित्येकांनी लाजेने वा भीतीने आपली गाठ, आपली जखम लपवून ठेवलेली असे. दाखवावे तरी कुणाला आणि उपयोग काय, असा विचार ती माणसे करीत. त्यांचे ते म्हणणे त्या काळी फारसे चुकीचेही नव्हते. आज ते चुकीचे आहे. म्हणून वाचकांच्या परवानगीने थोडे विषयांतर करतो. कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने वा जखम बांधल्याने लागत नाही. काही विषाणू कर्करोगाला कारण ठरतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग घडविणारा विषाणू त्यापैकीच एक, आणि त्यावर मुलींना देण्याची लस उपलब्ध आहे. आपल्या महाराष्ट्रात तंबाखू, गुटखा आणि बायकांच्या हातची मिश्री ही तोंडाच्या कर्करोगाची मोठी कारणे आहेत. दोन-तीन आठवड्यांत न भरणारे तोंडातील छाले, स्तनातील न दुखणारी गाठ, अवेळी होणारा रक्तस्राव यांपैकी काही दिसले तर नवेना बोलण्याबरोबरच डॉक्टरही गाठावा. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालापासून उभे आहे. लवकर आलेला रुग्ण तेथून बरा होऊन घरी येतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. आणि जो बरा होणार नाही त्याच्यासाठीही आता आपल्याकडे जागा आहे. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली वांद्रे येथे शांती अवेदना सदन सुरू केले. अंतिम अवस्थेतील कर्करुग्णांसाठीचे भारतातील ते पहिले शुश्रूषागृह. मदर अल्फोन्सा यांच्या संस्थेशी त्याचा संबंध नाही. पण धर्मभगिनी तेथे रात्रंदिवस शुश्रूषा करतात आणि रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत, हे वाचून चेरी स्ट्रीटची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आता पुन्हा रोझरी हिलकडे वळू. उतारवयात मदर अल्फोन्सा यांना एकाच चिंतेने ग्रासले होते. ती जुनी लाकडी इमारत. रात्री आग लागली तर अंथरुणाला खिळलेली माणसे बाहेर कशी काढायची? म्हणून आगीला दाद न देणारी नवी वास्तू बांधण्याचा त्यांनी ध्यास घेतला आणि पुन्हा एकदा याचनेची पत्रे लिहावयास बसल्या. १९२५ साली बोडन कॉलेजने, म्हणजे वडिलांच्याच महाविद्यालयाने, त्यांना सन्माननीय पदवी देऊन गौरविले. ८ जुलै १९२६ च्या दिवशीही त्या इमारत निधीची पत्रे लिहीत होत्या. त्या रात्री झोपेतच त्यांनी देह ठेवला. पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. ९ जुलै हा त्यांच्या आई-वडिलांच्या विवाहाचा वाढदिवस.

संस्थेची धुरा मदर मेरी रोझ, म्हणजे त्याच ॲलिस ह्यूबर, यांनी सांभाळली. नवी इमारतही उभी राहिली. १९३० साली फिलाडेल्फियात आणि १९३९ साली अटलांटात भगिनींनी घरे उघडली. अटलांटाच्या घरात १९४९ साली चेहऱ्यावर कर्कगाठ असलेली तीन वर्षांची एक मुलगी आली आणि बारा वर्षांची होऊन तेथेच वारली. तिच्या आनंदी जीवनाची हकीकत भगिनींनी लिहून काढली. कॅथलिक कथालेखिका फ्लॅनरी ओकॉनर यांनी त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि लिव्हरपूलच्या त्या रोगट बालकाला उचलून घेणाऱ्या नॅथॅनिएलपासून या मुलीपर्यंत एकच धागा आला आहे, हे दाखवून दिले. पुस्तक १९६१ साली प्रसिद्ध झाले.

२००३ साली न्यूयॉर्कच्या महाधर्मप्रांतात मदर अल्फोन्सा यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या सद्गुणांना मान्यता देऊन त्यांना ‘पूजनीय’ घोषित केले.

एक शेवटची गोष्ट सांगावयाची राहिली. रोझ यांची आई आणि बहीण ऊना यांना लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत पुरले होते. काँकॉर्डला एकट्या पडलेल्या नॅथॅनिएल यांच्यापासून या दोघी सव्वाशेहून अधिक वर्षे दूर होत्या. त्या थडग्यांची देखभाल इतकी वर्षे हॉथॉर्नच्या डॉमिनिकन भगिनी आपल्या खर्चाने करीत आल्या होत्या. थडग्यांची पडझड झाली तेव्हा भगिनींनीच पुढाकार घेतला आणि जून २००६ मध्ये दोघींचे अवशेष अमेरिकेत आणून काँकॉर्डच्या स्लीपी हॉलो दफनभूमीत नॅथॅनिएल यांच्याशेजारी पुरण्यात आले. पांढऱ्या वेषातील भगिनी त्या विधीला उपस्थित होत्या. रोझ मात्र तेथे नाहीत. त्या हॉथॉर्न गावीच, आपल्या भगिनींसमवेत विसावल्या आहेत.